महाबळेश्वर तालुक्यात वर्षाला किती जमीन विकली जाते? नोंदणी महानिरीक्षकांना खुले पत्र

प्रति,
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक,
महाराष्ट्र राज्य, पुणे

प्रत: मा. जिल्हाधिकारी, सातारा

विषय: महाबळेश्वर तालुक्यातील खरेदी-विक्रीचे गाववार, दस्तप्रकारवार आणि मागील वर्षांशी ताडून पाहता येतील असे आकडे दरवर्षी जाहीर करण्याबाबत

महोदय,

महाबळेश्वर तालुक्यात गेल्या वर्षभरात जमिनीचा भाव चढला की उतरला, या प्रश्नाला अधिकृत उत्तर नाही. एजंट म्हणतो दुप्पट झाला. बंगल्यांची स्कीम विकणारा म्हणतो, पुढच्या गुढीपाडव्याला अजून वाढेल. बँकेच्या पॅनेलवरचा मूल्यांकनकार हाताशी असलेल्या दोन-तीन दस्तांवरून आकडा काढतो आणि खाली 'स्थानिक चौकशीनुसार' असे लिहून मोकळा होतो. खरे उत्तर आपल्या खात्याच्या संगणकात आहे. नोंदलेल्या प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात ती, तयार होते. तिच्यात मोबदला, सरकारी दर तक्त्यावरून काढलेला बाजारभाव, क्षेत्रफळ, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, दस्त करून दिल्याचा दिनांक, नोंदणीचा दिनांक, भरलेले शुल्क, सगळे रकाने भरलेले असतात. त्यांची बेरीज करून ती लोकांपुढे ठेवणे एवढेच काम राहिले आहे, आणि तेच होत नाही.

आम्ही या तालुक्यात दस्त तयार करणारे, मिळकतीच्या मालकीचा शोध अहवाल देणारे आणि मिळकतींचे मूल्यांकन करणारे लोक आहोत. आकड्यांचा हा अंधार आमच्या धंद्याला सोयीचाच आहे. ज्याच्याकडे माहिती, त्याच्याकडे गिऱ्हाईक. नुकसान होते ते तापोळ्याकडच्या किंवा कांदाटी खोऱ्यातल्या शेतकऱ्याचे. आपल्या गटाशेजारचा गट कितीला गेला हे त्याला कळत नाही, आणि समोरच्या खरेदीदाराकडे मात्र पाच गावांचे दर असतात.

हे पत्र आत्ताच लिहिण्याचे कारणही सांगतो. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. आता त्याच डोंगररांगेत सातारा, पाटण, जावळी आणि महाबळेश्वर या चार तालुक्यांतल्या २३५ गावांसाठी नवीन महाबळेश्वर प्रकल्प आखला गेला आहे. असा आराखडा जाहीर होतो तेव्हा जमीन हातोहात फिरते, ही काही नवी गोष्ट नाही. ती कुठे, किती आणि कोणाकडे फिरते हे गावाला वेळेत कळावे एवढीच अपेक्षा आहे. झाडाणीचे उदाहरण ताजे आहे. त्या एका गावातल्या सहाशेहून अधिक एकरांच्या खरेदीचा विषय मे २०२४ मध्ये वर्तमानपत्रांतून पुढे आला आणि मग चौकश्या सुरू झाल्या. 'या गावात या वर्षी अमुक दस्त, अमुक हेक्टर' अशी एक ओळ दरवर्षी जाहीर होत असती, तर कमाल जमीन धारणेचा प्रश्न विचारायला कोणाला बातमीची वाट पाहावी लागली नसती.

आमच्या तक्रारी अशा आहेत.

एक. मिळतात ते आकडे राज्याचे. राज्यात किती दस्त झाले आणि किती महसूल जमा झाला, याचे महिनावार आकडे मिळतात. त्यावरून मुंबई-पुण्याच्या सदनिका बाजाराच्या बातम्या होतात. डोंगरातल्या तालुक्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही. आपली मोफत ई-सर्च सुविधा चांगली आहे, पण तिच्यात जिल्हा, तालुका, गाव, वर्ष भरले तरी मिळकतीचा क्रमांक द्यावाच लागतो. म्हणजे कोणता गट विकला गेला हे आधी माहीत असेल, तरच तो विकला गेल्याचे कळणार.

दोन. कायद्याने उघडे, व्यवहारात बंद. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ नुसार पुस्तक क्रमांक एक, म्हणजे स्थावर मिळकतींच्या दस्तांची नोंदवही, आणि त्याची सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येते. म्हणजे ही माहिती गोपनीय नाही. माहितीच्या अधिकारात तालुक्याचा तक्ता मागितला, तर मात्र 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असे उत्तर देता येते आणि ते कायद्यात बसते. म्हणूनच आमची मागणी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली स्वतःहून जाहीर करण्याची आहे.

तीन. दर तक्ता कशावरून ठरला हे दिसत नाही. वार्षिक मूल्य दर तक्ता, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचा रेडी रेकनर, आधीच्या व्यवहारांवरून ठरतो असे सांगितले जाते. त्यावर हरकती घ्यायच्या तर व्यवहार पुढे हवेत. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी दर तसेच ठेवले गेले आणि एप्रिल २०२५ पासून वाढवले. या काळात मेटगुताडमध्ये, भिलारमध्ये किंवा कांदाटी खोऱ्यात प्रत्यक्ष काय झाले? तिन्हीकडे एकच वाढ झाली असेल यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

आता मुख्य मुद्दा. या मागणीवर 'या तालुक्यात अमुक दस्त झाले, मागील वर्षापेक्षा अमुक टक्के जास्त' असा एका ओळीचा आकडा देऊन विषय मिटवला जाईल, अशी आम्हाला भीती आहे. असा आकडा नसलेलाच बरा. तो कुठे कुठे फसवतो ते तपशिलाने लिहितो, कारण तक्ता करणाऱ्याला याच खाचखळग्यांतून जावे लागेल.

दस्तसंख्या म्हणजे विक्रीची संख्या नव्हे. दुय्यम निबंधकांकडे खरेदीखताबरोबर गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, चूकदुरुस्ती पत्र, रद्दलेख, कुलमुखत्यारपत्र आणि लिव्ह अँड लायसन्सचे करार येतात. महाबळेश्वर-पाचगणीत बंगले आणि हॉटेले चालवायला देण्याची रीत आहे, त्यामुळे भाड्याच्या करारांचा वाटा मोठा असतो. एखाद्या वर्षी हे करार वाढले की 'बाजार तेजीत' अशी आवई उठते, आणि त्या वर्षी एक गुंठाही विकला गेलेला नसू शकतो.

साठेखत, म्हणजे विक्रीचा आधीचा करार, आणि खरेदीखत मिळून एकच विक्री दोनदा मोजली जाते. साठेखतावर पूर्ण मुद्रांक भरला जातो. पुढे वर्ष-दीड वर्षाने त्याच मिळकतीचे, त्याच रकमेचे खरेदीखत नाममात्र शुल्कावर नोंदले जाते. मोबदल्याच्या रकान्याची सरसकट बेरीज केली तर तेच पैसे दोन आर्थिक वर्षांत धरले जातात. हे ओळखणे अवघड नाही. मोबदला लाखांत आणि मुद्रांक शुल्क शंभर-पाचशेच्या घरात, असा दस्त दिसला की तो आधीच्या साठेखताचा उत्तरार्ध आहे असे धरून त्याच गट नंबरावर मागची नोंद तपासायची. सापडली तर एकदाच मोजायचे.

तारखेचा घोळ याहून मोठा. करून दिलेला दस्त नोंदणी अधिनियमाच्या कलम २३ नुसार चार महिन्यांत नोंदणीसाठी हजर करता येतो, म्हणून वर्ष कोणत्या तारखेवरून धरायचे हे आधी ठरवावे लागते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्कात तीन टक्के आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये दोन टक्के सूट होती. अनेकांनी सूट संपण्याआधी शुल्क भरून दस्त केला आणि नोंदणी नंतर केली. नोंदणीच्या तारखेने पाहिले तर त्या खरेदीचा काही भाग पुढच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो आणि एप्रिल ते जून २०२१ ची टाळेबंदीतली तिमाही उगाच भरलेली दिसते. शिवाय सवलतीच्या ओढीने पुढच्या वर्षीचे खरेदीदार आधीच येऊन गेले होते. त्यानंतरच्या वर्षीची घट ही मंदी होती की फक्त आधी उरकलेली खरेदी होती, हे एका वर्षाची तुलना सांगूच शकत नाही. २०१९-२० पासूनची ओळ पुढे असेल तरच ते दिसते.

पंचांगही आड येते, आणि हे मंत्रालयातल्या कोणाच्या लक्षात येत असेल असे वाटत नाही. गुढीपाडवा २०२२ मध्ये २ एप्रिलला होता, २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला. म्हणजे आर्थिक वर्ष २०२२-२३ मध्ये दोन पाडवे आले, २०२३-२४ मध्ये एकही नाही आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा दोन! पितृपक्षाचेही तेच. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे तो ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लांबला, २०२४ मध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपला. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना करून 'व्यवहार वाढले' असे म्हणणारा प्रत्यक्षात पंधरवडा मोजत असतो. मुहूर्त पाहून दस्त करणाऱ्या राज्यात महिन्याची तुलना करायचीच नाही. सलग बारा महिन्यांची बेरीज घ्यावी, आणि बारा महिन्यांतही पाडव्याची अशी उडी असेल तर तळटीप द्यावी.

सरासरी तर आमच्या तालुक्यासाठी बादच करावी. समजा एका वर्षी तीस विक्री झाल्या. २९ मिळकती साठ-साठ लाखांच्या आणि एक हॉटेल तीस कोटींचे. एकूण ४७ कोटी ४० लाख, सरासरी १ कोटी ५८ लाख. पुढच्या वर्षी हॉटेल नाही, तीसही मिळकती ६६ लाखांना गेल्या. प्रत्येक मिळकत दहा टक्क्यांनी महागली, पण सरासरी मात्र ५८ टक्क्यांनी पडली. मुंबईत हजारो व्यवहारांत एक हॉटेल विरघळून जाते, इथे ते सगळा तक्ता ओढून नेते. म्हणून मध्यक द्यावा, म्हणजे किमती चढत्या क्रमाने मांडून मधोमध येणारी किंमत, आणि तोही मिळकतीच्या प्रकारानुसार वेगळा. शेतजमीन, बिनशेती भूखंड, बंगला, सदनिका आणि हॉटेल यांची खिचडी करू नये.

क्षेत्रफळाच्या रकान्यात हेक्टर-आर, गुंठे, चौरस फूट, चौरस मीटर हे सगळे येते. कुठे बांधीव, कुठे चटई. शेतजमीन आरमध्ये आणि बांधकाम चटई चौरस मीटरमध्ये, असे एकदा ठरवून सर्व वर्षे त्यात बदलून घेतल्याशिवाय दर काढणे व्यर्थ आहे. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, हे दोन्ही जवळजवळ सारखे असल्याने बेफिकिरीने एकमेकांच्या जागी टाकले जातात. फरक सुमारे सव्वा टक्क्याचा आहे, पण वाढच तीन-चार टक्के असेल तेव्हा तोही टोचतो.

कायदा मध्येच बदलला की मालाचा प्रकारच बदलतो. १२ जुलै २०२१ च्या आपल्याच परिपत्रकाने मंजूर रेखांकनाशिवायच्या तुकड्यांची नोंदणी अडली. ५ मे २०२२ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द ठरवले. मग ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान जमीन तुकडा ठरते ती मर्यादा, जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे झाले. या प्रत्येक तारखेनंतर दस्तांतले सरासरी क्षेत्र बदलते. लहान तुकडे विकता येऊ लागले की दस्तामागची रक्कम उतरते आणि गुंठ्यामागचा दर चढतो. आधीच्या वर्षाशी तुलना करताना या तीन तारखा तक्त्यावर खूण करून दाखवल्या नाहीत, तर वाचणारा चुकीच्या कारणाला धरून बसेल.

राहिला किमतीच्या खरेपणाचा प्रश्न. त्यावर बोलायचे टाळले जाते, म्हणून आम्ही सरळ लिहितो. अनेक दस्तांत मोबदला रेडी रेकनरच्या बाजारभावाला चिकटलेला असतो. आयकरात दहा टक्क्यांपर्यंतची तफावत चालते, तिच्या आत किंमत बसवली जाते. मग दर तक्ता दोन वर्षे हलला नाही की दस्तांतले भावही हलत नाहीत, तक्ता वाढला की तेही वाढतात, आणि पुढचा तक्ता पुन्हा त्याच दस्तांवरून ठरतो. यावर उपाय छापलेल्या आकड्यांतच आहे. मोबदला भागिले बाजारभाव हे गुणोत्तर प्रत्येक गावासाठी द्यावे, आणि किती टक्के दस्तांत ते ०.९ ते १.१ च्या मध्ये आहे तेही सांगावे. जिथे हे प्रमाण फार जास्त असेल, तिथला भाव बाजाराचा नव्हे, तक्त्याचा आहे असे समजून घेता येईल.

काही व्यवहार या सूचीत दिसणारच नाहीत, हेही नमूद असावे. महाबळेश्वरच्या गिरिस्थानातले अनेक जुने बंगले शासकीय भाडेपट्ट्यावर आहेत. तिथे विकला जातो तो भाडेपट्ट्याचा हक्क, आणि फक्त खरेदीखते मोजणाऱ्याच्या हातून तो निसटतो. मिळकत कंपनीच्या नावावर असेल आणि कंपनीचे समभागच हातबदल झाले, तर दस्तच होत नाही. पहिल्या प्रकाराला तक्त्यात वेगळा रकाना द्यावा, दुसऱ्यासाठी तळटीप.

हे सगळे जमण्यासारखे आहे का? अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातले पिटकिन, ईगल, समिट हे परगणे, म्हणजे ॲस्पेन, व्हेल, ब्रेकेनरिज या बर्फाच्या थंड हवेच्या ठिकाणांचे परगणे, पाहावेत. तिथे खरेदीखताबरोबर हस्तांतरणाचे विवरणपत्र भरावे लागते. किमतीत फर्निचर वगैरे किती, तेही त्यात लिहावे लागते. या नोंदींवरून तिथल्या टायटल कंपन्या, म्हणजे मिळकतीची मालकी तपासून हमी देणाऱ्या कंपन्या, परगण्याचे मासिक अहवाल काढतात: व्यवहार किती, उलाढाल किती, मध्यक किती आणि खरेदीदार स्थानिक की बाहेरचा. कोविडच्या लाटेत वाढलेली खरेदी पुढे ओसरली, पण किमती त्या प्रमाणात उतरल्या नाहीत, हे तिथल्या माणसाला दोन वेगळ्या ओळींत दिसले. शेजारच्या वायोमिंग आणि युटामध्ये विक्रीची किंमत लोकांसाठी उघड नसते. त्यामुळे तिथल्या जॅक्सन आणि पार्क सिटी या पर्यटन गावांची हीच माहिती सरकारी नोंदीतून मिळत नाही, दलालांच्या यादीतून घ्यावी लागते. आपल्याकडे किंमत दस्तातच लिहिलेली असते. साधने कोलोराडोची असून आपण वायोमिंगसारखे वागतो आहोत.

खरेदीदार कुठला हे सांगण्यासाठी नावे उघड करण्याची गरज नाही. इंडेक्स टूमध्ये पत्त्याबरोबर पिन कोड असतो. फक्त एक काळजी घ्यावी लागेल. महाबळेश्वरचा पिन ४१२८०६ आणि पाचगणीचा ४१२८०५. ४१२ ने पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातलेही पिन सुरू होतात. पहिले तीन आकडे घेऊन वर्गवारी केली तर वाघोलीचा खरेदीदार महाबळेश्वरचा स्थानिक ठरेल. सहाही आकडे घ्यावेत आणि तालुका, जिल्हा, उर्वरित राज्य, परराज्य असे चार गट करावेत.

आमच्या मागण्या:

१. महाबळेश्वर तालुक्यातील प्रत्येक महसुली गाव आणि दोन्ही गिरिस्थान नगरपरिषदा यांचा आर्थिक वर्षानुसार तक्ता जाहीर करावा. सुरुवात निदान २०१७-१८ पासून असावी, म्हणजे कोविडआधीची वर्षे तुलनेला मिळतील.

२. वर्ष दस्त करून दिल्याच्या दिनांकावरून धरावे. मार्चअखेरचा दस्त जुलैपर्यंत नोंदला जाऊ शकतो, म्हणून एप्रिलअखेर कच्चा आणि ऑगस्टअखेर पक्का तक्ता द्यावा.

३. तक्ता मिळकत जिथे आहे त्या गावाचा असावा, दस्त जिथे नोंदला त्या कार्यालयाचा नको. कुठूनही नोंदणीची सोय वाढते आहे, तसतशी कार्यालयनिहाय संख्या निरुपयोगी होत जाणार आहे.

४. रकाने: विक्रीची संख्या (साठेखत-खरेदीखताची दुहेरी नोंद वगळून), एकूण क्षेत्र, दराचा मध्यक, मोबदला-बाजारभाव गुणोत्तर, खरेदीदारांचे चार गट. भाडेपट्टा हस्तांतरण वेगळे.

५. वर्षात पाचपेक्षा कमी विक्री झालेल्या गावात किंमत देऊ नये, शेजारच्या गावांबरोबर एकत्र दाखवावी. संख्या आणि क्षेत्र मात्र प्रत्येक गावाचे दिलेच पाहिजे. झाडाणीसारख्या ठिकाणी किमतीपेक्षा क्षेत्राचाच प्रश्न असतो.

६. दर तक्त्यावर हरकती मागवण्याच्या किमान तीस दिवस आधी तो ज्या व्यवहारांवरून ठरला त्यांचा गोषवारा, नावे वगळून, प्रसिद्ध करावा.

७. फाइल एक्सेलमध्ये द्यावी. स्कॅन केलेली पीडीएफ नको.

नवीन महाबळेश्वरच्या २३५ गावांसाठी हाच नमुना वापरावा, अशी विनंती मा. जिल्हाधिकाऱ्यांना स्वतंत्रपणे करत आहोत. त्यांतली साठ गावे आमच्याच तालुक्यातली आहेत, तिथून सुरुवात करता येईल. दुहेरी नोंदी ओळखण्याचे आणि एककांच्या रूपांतराचे नियम लेखी स्वरूपात देण्याची आमची तयारी आहे. या पत्राचे उत्तरही जाहीरच द्यावे, कारण ते आमच्यापेक्षा सातबारा हातात घेऊन भाव विचारत फिरणाऱ्यांना हवे आहे.

आपले,
महाबळेश्वर तालुक्यात दस्तलेखन, शोध अहवाल आणि मूल्यांकनाचे काम करणारे